धर्माचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलांसाठी पुरवणीत एक पान द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दरवर्षी बारावीचे आणि डिग्रीचे निकाल लागले की तुमच्या पेपरात करिअरच्या पुरवण्या येतात. मी त्या जपून ठेवते, कारण आमच्या सेक्टरमधली, ओळखीपाळखीतली मुलं घरी विचारायला येतात. इंजिनिअरिंग, नर्सिंग, लॉ, डेटा सायन्स, हॉटेल मॅनेजमेंट, अगदी ड्रोन उडवायच्या कोर्सपर्यंत सगळं त्यात असतं आणि चांगलं लिहिलेलं असतं. पण धर्माचा अभ्यास, म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिट्या ज्याला रिलिजस स्टडीज म्हणतात, त्यात एमए किंवा पीएचडी करायची तर अर्ज कुठे करायचा, कधी करायचा, पैसे कुठून आणायचे यावर एक ओळसुद्धा मला आजवर कुठल्या पुरवणीत दिसली नाही. आणि विचारणारी मुलं आहेत हो, कमी आहेत पण आहेत आणि फार हुशार आहेत.

मी कोपरखैरण्याला राहते. नोकरी करता करता पालीत एमए केलं, मग एका मैत्रिणीच्या मुलीचा अर्ज वाचून दिला, तिने दुसरीला सांगितलं, आता ऐरोली, रबाळे, कळवा, दिवा कुठून कुठून मुलं येतात. कोणाला पाली शिकायचंय, कोणाला वारीवर लिहायचंय, एकाला सूफी दर्ग्यांवर. या सगळ्यांचं बघून जे वाटतं ते लिहितेय, पत्र लांबलंय पण कृपा करून पूर्ण छापा.

पहिली अडचण घरातच असते. मुलगी म्हणाली की मला धर्माचा अभ्यास करायचाय, की आई-वडिलांना वाटतं ही आता प्रवचनं करणार, नाहीतर दीक्षाच घेणार. एका मुलाच्या बाबांनी मला फोनवर अगदी कळकळीने विचारलं, मॅडम सध्याचे दिवस असे, त्यात आमचा पोरगा धर्मावर काहीतरी लिहिणार, उद्या कोणी घरावर चालून आलं तर? ती भीती मी खोटी मानत नाही. पण हा विषय नक्की काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. इथे तुम्ही श्रद्धाळू आहात की नाही हे कोणी विचारत नाही, कोणाची श्रद्धा मोडायची नसते आणि कोणाला पटवायचीही नसते. देवळाचं उत्पन्न पूर्वी कोणाकडे जायचं, जात्यावरच्या ओव्या बायकांच्या तोंडी कशा टिकल्या, दिंड्यांचा क्रम कसा ठरला, कोर्टाने देवाला कायद्याने मालमत्ता बाळगणारी व्यक्ती कसं मानलं, असले प्रश्न घेऊन पोथ्या वाचायच्या, शिलालेख वाचायचे, जत्रेत जाऊन माणसांशी बोलायचं, असा हा अभ्यास. इतिहास, भाषा, समाजशास्त्र, कायदा सगळं त्यात येतं.

परदेशातल्या नावांनी अजून गोंधळ होतो. हार्वर्ड किंवा शिकागोला हा विषय बराचसा डिव्हिनिटी स्कूलमध्ये शिकवतात, आणि आपल्याकडे ते नाव वाचून मुलं पानच बंद करतात की हे ख्रिश्चन लोकांसाठी असणार. तसं नाहीये. तिथे कुठल्याही धर्माचा किंवा कुठलाच धर्म न मानणारा विद्यार्थी जाऊ शकतो. फक्त कोर्स बघून घ्यायचा. हार्वर्डला एमटीएस ही दोन वर्षांची डिग्री अभ्यासासाठी आहे आणि एमडिव्ह ही तीन वर्षांची, ती मुख्यतः धर्मगुरू, हॉस्पिटलमधले किंवा जेलमधले चॅप्लन वगैरे होऊ इच्छिणाऱ्यांसाठी. पुढे पीएचडी करून शिकवायचं असेल तर पहिलीकडे बघायचं. एवढं साधं वाक्य मराठीत कुठे लिहिलेलं सापडत नाही म्हणून किती मुलं तिथेच मागे फिरली असतील.

परदेशात जायलाच पाहिजे असंही नाही. ठाण्यातून लोकलने विद्याविहारला उतरलं की सोमय्याचा कॅम्पस आहे, तिथे हिंदू, बौद्ध, जैन परंपरांचे कोर्स आहेत. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचे पाली, संस्कृत, तत्त्वज्ञान असे विभाग आहेत, पुण्याला पाली आणि बौद्ध अध्ययन आहे, शिवाय १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर संस्था आहे जिथे हस्तलिखितं सांभाळली गेलीयत. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म अध्ययनाचा वेगळा विभाग कितीतरी वर्षांपासून आहे, राजगीरला नालंदा विद्यापीठ आहे, शांतिनिकेतनला तुलनात्मक धर्म शिकवतात. नेट परीक्षेतसुद्धा धर्मांचा तुलनात्मक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, हे तर अनेक प्राध्यापकांनाही माहीत नसतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं.

घणसोलीची एक मुलगी, आगरी घरातली, इतिहासात बीए आणि एमए केलेली, परदेशात अप्लाय करत होती. घरच्यांनी कर्ज काढून एका कन्सल्टन्सीत पैसे भरले होते. तिने स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे मला हे का शिकायचंय ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन, लिहिलं, त्यात आई एकवीरेबद्दल लिहिलं होतं, की लहानपणापासून चैत्रात कार्ल्याला जातोय, पालखी, मानकरी, कोंबडं, गाणी, आणि बाजूलाच एवढं मोठं बौद्ध लेणं आहे आणि त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नाही, ते मला समजून घ्यायचंय. कन्सल्टन्सीच्या माणसाने ते सगळं काढून टाकलं. म्हणाला हे फार लोकल वाटतं, आणि त्याजागी घातलं की मला विविध संस्कृतींची आवड आहे आणि जागतिक शांततेत योगदान द्यायचंय. ते वाचून मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. कारण त्या दोन पानांत जे तिचं स्वतःचं होतं, जे जगात दुसरं कोणी लिहू शकलं नसतं, नेमकं तेच उडवलं होतं, आणि जे राहिलं ते हजारो अर्जांत असतं.

एकवीरेचं देऊळ कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे हे आपण सगळे बघतो. पण त्या चैत्यगृहाच्या, म्हणजे लेण्यातल्या प्रार्थनेच्या दालनाच्या, खांबांवर ब्राह्मी अक्षरांत आणि प्राकृतात दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, ती किती जण वाचतात? धेनुकाकट नावाच्या गावचे लोक आहेत, त्यात स्वतःला यवन, म्हणजे त्या काळी ग्रीक वगैरे परदेशी, म्हणवणारे आहेत, आणि एका खांबाचं दान सोपाऱ्याहून आलेल्या एका भाणकाचं आहे, म्हणजे सूत्रं तोंडपाठ म्हणणाऱ्याचं. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या स्तूपातून १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी अस्थींचा करंडक बाहेर काढला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथलाच. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या खाडीकाठचा माणूस घाट चढून त्याच डोंगरावर जाऊन दान देत होता आणि आज आपल्याच खाडीकाठचे आगरी-कोळी घाट चढून त्याच डोंगरावर नवस फेडायला जातात. मधल्या काळात काय झालं? वाट तीच होती का, व्यापार होता का, देवी आधी होती की नंतर आली, लेणं रिकामं झाल्यावर तिथे कोण येत होतं? मोबाइलवर यावर रोज भांडणं चालतात, हे आमचं की तुमचं. मी बौद्ध घरातली आहे, मलाही त्यात ओढतात. पण त्या मुलीने जो प्रश्न लिहिला होता तो भांडणाचा नव्हताच, तो कळून घ्यायचा होता, आणि अशा प्रश्नासाठीच या विषयातले चांगले प्रोफेसर विद्यार्थी शोधत असतात.

आम्ही दोघी बसलो, ते सगळं परत आत घातलं, वर शिलालेखांचं घातलं, कोणत्या भाषा येतात आणि कोणत्या शिकायला लागतील ते लिहिलं. स्टेटमेंटमध्ये हेच लागतं. प्रश्न काय, तो का पडला, त्यासाठी काय वाचलंय, काय येतं, आणि याच विभागात का, तिथले कोणते शिक्षक या विषयावर काम करतात. मी लहानपणापासून अध्यात्मिक आहे हे लिहून काही उपयोग होत नाही.

आणि भाषा. आपली मुलं मुलाखतीत सांगताना लाजतात की मराठी माध्यम आहे. या एका विषयात तरी लाजायचं काही कारण नाही. अ‍ॅन फेल्डहाउस अमेरिकेतून येऊन मराठी शिकल्या, महानुभावांचं जुनं मराठी वाचलं, शं. गो. तुळपुळ्यांबरोबर जुन्या मराठीचा कोश केला. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे सोन्थायमर धनगरांबरोबर हिंडले, खंडोबावर आयुष्य घातलं. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर पीएचडी केली ती १९६९ साली, त्याआधी इथे येऊन लोकांत राहिल्या. या लोकांनी जी भाषा मेहनतीने मिळवली ती आपल्या मुलांना घरात मिळालीय. संतवाङ्मय वाचता येणं, भारुड कळणं, आजीच्या ओव्या पाठ असणं, मोडी येत असेल तर फारच उत्तम, हे सगळं अर्जात ठळक लिहायचं असतं. सोबत संस्कृत, पाली किंवा फारसी, ज्याला जे लागेल ते, निदान दोन वर्षं तरी रीतसर केलेलं असावं. पीएचडीला बऱ्याच ठिकाणी फ्रेंच किंवा जर्मन वाचता येणं मागतात, पण ते तिथे गेल्यावर शिकता येतं. धर्मानंद कोसंबींकडे कुठल्या मोठ्या कॉलेजची डिग्री नव्हती, गोव्यातून निघाले, पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असं फिरत संस्कृत आणि पाली शिकले, आणि १९१० साली हार्वर्डने त्यांना विसुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथाच्या कामासाठी बोलावलं. त्यांना पाली येत होतं म्हणून बोलावलं.

विषय तर आपल्या दारात पडलेत. ठाण्याचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८७९ चं आहे आणि बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तनं रचली. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन, म्हणजे ख्रिस्ती, साधू ठाण्यात मारले गेले आणि ओडोरिक नावाच्या प्रवाशाने ती हकीकत युरोपात पोचवली. अंबरनाथचं देऊळ १०६० चं. घरबसल्या लोकलने जाऊन अभ्यास करता येईल असं हे सगळं आहे.

आता थोडं व्यवहाराचं. अमेरिकेत पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या वर्षासाठी अर्ज डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतात, म्हणजे तयारी उन्हाळ्यापासून. पंधरा-वीस पानांचा एक लेख द्यावा लागतो, आपला स्वतःचा, आणि आपल्याकडे एमएमध्ये इतकं लांब लिहून घेत नाहीत त्यामुळे मुलं तिथे अडकतात, तो लेख सगळ्यात आधी हातात घ्यावा. जीआरई ही प्रवेश परीक्षा आता बहुतेक विभाग मागत नाहीत. अर्जाची फी एका ठिकाणची शंभर डॉलरच्या आसपास जाते, पण परवडत नसेल तर माफ करा अशी विनंती करता येते आणि पुष्कळदा करतातही, मुलांना विचारायला संकोच वाटतो, वाटू नये. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढायला आपल्याकडे किती वेळ जातो ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून दिवाळीच्या आधी अर्ज टाकावा. पीएचडीला प्रवेश मिळाला तर चांगली विद्यापीठं फी माफ करतात आणि वर राहायला स्टायपेंड देतात, पण एमएला तसं असेलच असं नाही, काही ठिकाणी थोडी स्कॉलरशिप, काही ठिकाणी पूर्ण फी आणि ती लाखांत. कर्ज काढून या विषयात एमए करू नका असं मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नसते, हायडेलबर्ग ज्या राज्यात येतं तिथे मात्र परदेशी मुलांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत आणि व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधी खात्यात दाखवावा लागतो. अमेरिकेतल्या फंडिंगच्या ऑफरला उत्तर द्यायला साधारण १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो, त्याआधी कोणी घाई केली तरी घाबरून हो म्हणायचं नाही.

कॉलेजच्या शिक्षकांनाही हात जोडून एक विनंती. शिफारसपत्र तीन लागतात. तूच लिहून आण, मी सही करतो, हे कृपया बंद करा. तीनही पत्रं एकाच हाताची आहेत हे वाचणाऱ्याला लगेच कळतं आणि नुकसान मुलाचं होतं. मुलगा प्रामाणिक आहे, वर्तणूक चांगली आहे एवढंही पुरत नाही. त्याने वर्गात कोणता प्रश्न विचारला, कोणता पेपर कसा लिहिला, पुढे संशोधन झेपेल असं का वाटतं, हे साध्या इंग्रजीत एक पानभर लिहा. आणि पोर्टलवर कॉलेजचा ईमेल मागतात, तो नसेल तर कॉलेजने तयार करून द्यावा, खाजगी ईमेलवरून पाठवलेली पत्रं कधीकधी अडकतात.

सरकारबद्दल एक गोष्ट मनाला फार लागलीय ती लिहिते. अनुसूचित जातीच्या आणि इतर काही वंचित घटकांतल्या मुलांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. २०२२ मध्ये तिच्या नियमांत घातलं गेलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय या योजनेत बसणार नाहीत. म्हणजे रबाळ्याच्या एखाद्या मुलीला महाराष्ट्रातल्या बौद्ध परंपरेवर परदेशात संशोधन करायचं असेल तर ही स्कॉलरशिप तिच्या कामाची नाही. कारण असं सांगितलं गेलं की भारताचा अभ्यास भारतातच करावा. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, आणि १९१६ मध्ये तिथल्याच सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. सयाजीरावांच्या राज्यात जे चाललं ते आज का चालू नये? ज्यांच्या घरी पैसे आहेत त्यांची मुलं हाच विषय घेऊन जातातच, अडतात फक्त स्कॉलरशिपवर अवलंबून असलेली. हा नियम काढून टाकावा, आपल्या खासदारांनी संसदेत विचारावं. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, तिचा आधार मोठा आहे, पण तिथे विद्यापीठाचं जागतिक रँकिंग बघतात. रँकिंग अख्ख्या विद्यापीठाचं असतं, त्यातल्या धर्म विभागाचं नसतं. यादीत खाली असलेल्या ठिकाणी मराठी संतांवर किंवा पालीवर उत्तम शिक्षक असू शकतो. या विषयांसाठी विभाग बघून सूट द्यावी.

नोकरीचं काय, हे पालक विचारणारच आणि विचारायलाच पाहिजे. प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत, इथेही आणि अमेरिकेतही, पीएचडीला पाच-सहा-सात वर्षं जातात, हे मी लपवत नाही. अध्यापन, म्युझियम, हस्तलिखितांची कामं, प्रकाशन, भाषांतर, पत्रकारिता, सामाजिक संस्था एवढे रस्ते आहेत आणि स्पर्धा परीक्षेलाही हे वाचन कामी येतं. पण ज्या मुलांना हेच करायचंय त्यांना तुम्ही जबरदस्तीने बँकेच्या परीक्षेला बसवलंत तरी ती रात्री जागून हेच वाचत बसतात, मी बघितलंय.

म्हणून मागणी अशी. ऐरोलीला महापालिकेने उभारलेलं बाबासाहेबांचं स्मारक आहे, तिथे छान लायब्ररी आहे. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. या दोन्ही ठिकाणी वर्षातून एकदा, जून-जुलैमध्ये, या विषयात शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या लोकांना बोलावून मुलांसाठी एक दिवसाचं मार्गदर्शन ठेवावं. परदेशात शिकणारी आपली मुलं व्हिडिओ कॉलवर बोलतील, त्याला खर्चही फार नाही. स्टेटमेंट कसं लिहायचं ते नमुने दाखवून मराठीतून समजवावं, इंग्रजी नंतर सुधारता येतं.

आणि तुमच्याकडे मागणी पुरवणीतल्या एका पानाची. त्यात कोर्सची नावं, तारखा, फंडिंग आणि स्कॉलरशिपचे सध्याचे नियम असावेत. मजकूर मी विनामोबदला लिहून देते, तुमच्या उपसंपादकांनी तपासून घ्यावा. फक्त ते ऑगस्ट संपायच्या आत यावं, कारण डिसेंबरच्या अर्जासाठी मुलांना लेख लिहायला आणि शिक्षकांना पत्रासाठी गाठायला निदान तीन महिने लागतात.

आपली,
एक वाचक
कोपरखैरणे, नवी मुंबई